खिडकीचे फेररेखाटन आणि देवनागरी अक्षर : एक परीक्षण

१. प्रश्नाचे स्वरूप

शासकीय कचेरीतील नोंद, विद्यापीठाचा निकाल, महालासारख्या जुन्या वस्तीतील छपाईच्या दुकानात जुळविली जाणारी लग्नपत्रिका, यांतील बहुतेक मराठी मजकूर कागदावर येण्यापूर्वी आज संगणकाच्या खिडकीत उमटतो. तेथे तो एकदाच उमटतो असेही नाही. खिडकीचा आकार बदलला, मजकूर वरखाली सरकविला, मधे एखादे अक्षर घातले, की आज्ञावली तो पुन्हा रेखाटते. या क्रियेला आपण फेररेखाटन म्हणू. खिडकीतील बटण, यादी, मजकुराची चौकट इत्यादी घटकांना कंट्रोल म्हणण्याचा प्रघात आहे. ते तयार मिळतात. परंतु अनेक आज्ञावलीकार त्यांचे रेखाटन स्वतःच्या हाती घेतात आणि त्यांस हवे ते रूप देतात.

हा विषय अभियांत्रिकीचा असून भाषेच्या विभागाने त्यात पडण्याचे कारण नाही, असे कोणी म्हणेल. तथापि फेररेखाटनाची प्रत्येक पद्धत लिपीविषयी काही गृहीत धरून चाललेली असते. लेखनाचा एकक कोणता, त्याची सीमा कोठे, एक चिन्ह बदलले असता शेजारच्या कोणत्या चिन्हांचे रूप बदलते, हे ते प्रश्न होत. ही गृहीते देवनागरीच्या कसोटीवर कितपत टिकतात, याचे परीक्षण करण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. फेररेखाटनाचे तत्त्व

प्रथम मूळ तत्त्व पाहू. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीची पहिली आवृत्ती १९८५ मध्ये आली. खिडकीतील चित्र जपून ठेवणे हे सामान्यतः प्रणालीचे काम नव्हे, ही तिची एक मूलभूत भूमिका होती. एक खिडकी दुसरीने झाकली जाऊन पुन्हा उघडी पडली, की प्रणाली आज्ञावलीस केवळ असे कळविते की अमुक आयताकृती भाग आता अवैध झाला आहे, तो पुन्हा रेखाटावा. हा संदेश ‘डब्ल्यूएम पेंट’ या नावाने ओळखला जातो. तो घाईचा मानला जात नाही. इतर संदेश संपल्यावरच तो पोचतो, आणि मधल्या काळात अवैध झालेले भाग एकत्र करून एकाच वेळी कळविले जातात. आज्ञावली स्वतःहून एखादा भाग अवैध ठरवून त्याच्या फेररेखाटनाची मागणीही करू शकते. पुढे व्हिस्टा आवृत्तीपासून (२००७) प्रत्येक खिडकीचे चित्र स्मृतीत वेगळे ठेवून नंतर एकत्र जुळविण्याची सोय आली व झाकलेली खिडकी उघडताच रेखाटण्याची गरज बरीच घटली. परंतु मजकूर बदलला असता तो पुन्हा रेखाटण्याची जबाबदारी आज्ञावलीवरच राहिली.

या व्यवस्थेतून एक शिस्त निर्माण होते. चित्र केव्हाही नाहीसे होऊ शकत असल्यामुळे, ते पुन्हा काढता येईल एवढी सामग्री आज्ञावलीने आपल्यापाशी बाळगली पाहिजे. मजकूर हा साठविण्याचा आणि चित्र हे त्यापासून वेळोवेळी सिद्ध करण्याचा विषय ठरतो. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यास हा भेद अपरिचित नाही. लेखनातील वर्णांचा क्रम ही एक गोष्ट आणि कागदावरील रेषांचा क्रम ही दुसरी, हे आपण लिपीविचारात नेहमीच सांगत असतो. फेररेखाटनाचे तत्त्व मुळात भाषेच्या बाजूचे आहे, असे म्हणावयास हरकत नाही. त्याचा व्यवहार मात्र तसा राहिला नाही.

३. एका पाठ्यग्रंथातील उदाहरण

चार्ल्स पेटझोल्ड यांचा ‘प्रोग्रॅमिंग विंडोज’ हा ग्रंथ प्रथम १९८८ मध्ये निघाला व त्याची पाचवी आवृत्ती १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. विंडोजसाठी आज्ञावल्या लिहिणाऱ्यांचा तो दीर्घकाळ पाठ्यग्रंथ होता, आणि त्याची विशद मांडणी आजही वाचनीय आहे. त्यातील कळफलकाच्या प्रकरणात ‘टायपर’ नावाची एक लहान आज्ञावली दिली आहे. खिडकीचे सारख्या रुंदीचे रकाने पाडावयाचे, दर रकान्यात एक चिन्ह ठेवावयाचे, कळ दाबताच ते चिन्ह साठवून कर्सरच्या जागी तेवढेच रेखाटावयाचे आणि कर्सर एक घर पुढे न्यावयाचा, अशी तिची रचना आहे. संपूर्ण खिडकी पुन्हा काढावी लागलीच तर साठविलेल्या रकान्यांवरून ती काढता येते.

ही रचना देवनागरीवर लावून पाहू. नमुन्यासाठी महालातील एका प्रसिद्ध मैदानाचे नाव घेऊ : ‘चिटणीस पार्क’. युनिकोडनुसार या नावात, मधली मोकळी जागा धरून, बारा संकेतांक आहेत. अक्षरे मात्र सहाच : चि, ट, णी, स, पा आणि र्क. बारा संकेतांकांना बारा रकाने देताच पहिल्याच अक्षरापाशी अडचण येते. लेखक प्रथम च उमटवितो, नंतर ऱ्हस्व वेलांटी. साठवणीतील हा क्रम उच्चाराला अनुसरून आहे व तो योग्यच आहे. परंतु दृश्य रूपात वेलांटी च च्या डावीकडे येते. च आधीच रेखाटून झालेला असल्यामुळे तो पुसून, उजवीकडे सरकवून पुन्हा काढला पाहिजे. ‘टायपर’च्या पद्धतीत वेलांटी पुढच्या रकान्यात एकटीच जाते. निराधार वेलांटीपुढे प्रणाली ठिपक्यांचे वर्तुळ काढते. ते वर्तुळ मराठी लिहिणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेले आहे. त्याचे मूळ पुष्कळदा अशा तुटक रेखाटनात असते.

‘पार्क’ या शब्दात अडचण अधिक खोल आहे. प, काना आणि र उमटेपर्यंत पडद्यावर ‘पार’ दिसते. हलन्ताची खूण आली की ते ‘पार्’ होते. आणि क येताच र चे अंग नाहीसे होऊन तो रफाराच्या रूपाने क च्या माथ्यावर चढतो. म्हणजे शेवटचे चिन्ह उमटल्यामुळे दोन चिन्हे मागे असलेल्या वर्णाची जागा आणि आकृती दोन्ही बदलतात. नवे चिन्ह तेवढे रेखाटावे, बाकीचे जसेच्या तसे राहील, हा ‘टायपर’चा पायाच येथे खचतो. देवनागरीत एक कळ दाबल्याने अवैध होणारा भाग म्हणजे चालू अक्षराच्या आरंभापासून ओळीच्या शेवटापर्यंतचा भाग होय. कारण अक्षराची रुंदी बदलली की पुढील सर्व मजकूर सरकतो.

पेटझोल्ड यांच्यावर हा दोष जसाच्या तसा लादणे अन्यायाचे होईल. सोयीसाठी आपण समान रुंदीचा टंक घेतला असून अन्यथा काम पुष्कळ कठीण आहे, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे, आणि युनिकोडवर त्याच ग्रंथात स्वतंत्र प्रकरण आहे. दोष आहे तो उदाहरणालाच नियम मानणाऱ्या पुढील व्यवहाराचा. रकाना आणि चिन्ह यांचे समीकरण रोमन लिपीत इतके सहज जुळते की ते एक गृहीत आहे हेच ध्यानात येत नाही.

४. मराठीने काढलेला आडमार्ग

विंडोजमध्ये देवनागरीची अंगभूत सोय २००० सालच्या आवृत्तीपासून झाली. तत्पूर्वी मराठी लेखन थांबले नव्हते. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले व पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेत वाढलेले ‘जिस्ट’ तंत्र डॉसच्या रकान्यांच्या पडद्यावर भारतीय लिप्या उमटवीत असे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकृत झाली. तिच्यात वर्णांचा क्रम उच्चारानुसार होता, आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच आधारे झाली.

विंडोजवरील छपाईच्या व्यवहारात मात्र वेगळी रीत रूढ झाली. श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम इत्यादींच्या टंकांत वर्णांऐवजी आकृत्यांना संकेतांक दिलेले होते. अर्धा क, रफार, वेलांटी या प्रत्येकीला रोमन चिन्हाची एक जागा मिळाली. वेलांटी आधी व च नंतर, असा दृश्य क्रमच साठविला गेला. त्यामुळे विंडोजचे कोणतेही साधे कंट्रोल हा मजकूर डावीकडून उजवीकडे निमूटपणे रेखाटू शके. फेररेखाटनाची अडचण सुटली, परंतु तिची किंमत भाषेने दिली. असा मजकूर अकारविल्हे लावता येत नाही, त्यात शब्द शोधता येत नाही, आणि टंक बदलला तर तो निरर्थक रोमन चिन्हांचा ढीग होतो. मजकूर साठवून चित्र सिद्ध करावयाचे, हे तत्त्व येथे उलटे झाले. चित्र साठविले गेले आणि मजकूर हरवला. त्या काळातील असंख्य मराठी संगणकीय फायली आज रूपांतराशिवाय वाचता येत नाहीत, याचे कारण या निवडीत आहे.

विंडोज २००० मध्ये ‘युनिस्क्राइब’ नावाचा घटक आला आणि त्याच्या जोडीला र. कृ. जोशी यांनी रेखिलेला ‘मंगल’ टंक. उच्चारक्रमाने साठविलेली अक्षरमाला घ्यावयाची, तिची अक्षरांत विभागणी करावयाची, वेलांटी व रफार योग्य जागी न्यावयाचे, जोडाक्षराची आकृती निवडावयाची आणि मगच रेखाटावयाचे, हे त्या घटकाचे कार्य. विशेष म्हणजे मजकूर रेखाटण्याची जुनी साधी आज्ञाही तेव्हापासून या घटकामार्फत जाऊ लागली. अट एकच होती : मजकूर अखंड द्यावा. तुकडे करून दिला तर अक्षर जुळविण्यास लागणारा संदर्भच त्या घटकास मिळत नाही.

५. स्वतः घडविलेले कंट्रोल

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. तयार कंट्रोल वापरणाऱ्या आज्ञावलीला वरील सर्व व्यवस्था विनासायास मिळते. कंट्रोल स्वतः रेखाटणारा आज्ञावलीकार ती बहुधा नकळत सोडून देतो. रंग, कोपऱ्यांची गोलाई, ओळींची उंची आपल्या मनाजोगी असावी, एवढीच त्याची इच्छा असते. पण त्या इच्छेसोबत लिपीचे व्याकरणही आपल्या अंगावर येते, याची त्याला कल्पना नसते. यातून उद्भवणारे दोष चार प्रकारचे आहेत.

पहिला दोष मोजणीचा. प्रत्येक संकेतांकाची रुंदी स्वतंत्र मोजून बेरीज केली, तर ती अक्षराच्या रुंदीशी जुळत नाही. ‘र्क’ मधील र, हलन्त आणि क यांची बेरीज क च्या रुंदीहून मोठी येते, आणि कर्सर शब्दापासून दूर जाऊन उभा राहतो. एका पद्धतीने मोजून दुसऱ्या पद्धतीने रेखाटले तरीही हेच घडते. डॉट नेटमध्ये २००५ पासून मजकूर रेखाटण्याच्या दोन पद्धती शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत व त्यांची मापे सारखी नाहीत.

दुसरा दोष शिरोरेषेचा. अक्षरे सुटी सुटी काढली, किंवा शोभेसाठी त्यांत अंतर वाढविले, की शिरोरेषा तुटते. रोमन लिपीत अक्षरांतील अंतर हा सौंदर्याचा प्रश्न असतो. देवनागरीत शिरोरेषा शब्दाची एकता दाखविते, म्हणून तेथे तो वाचनाचा प्रश्न होतो.

तिसरा दोष कापले जाण्याचा. यादीतील ओळीची उंची रोमन टंकावरून ठरविलेली असली, की वरचा अनुस्वार वा खालचा उकार आयताबाहेर पडून कापला जातो. ‘नागपूर’चे ‘नागपर’ होते, हे निदान चूक म्हणून ओळखता येते. पण ‘घरांत’ मधील अनुस्वार कापला गेला तर ‘घरात’ उरते, आणि वचन बदलूनही वाक्य शुद्धच दिसते. याच्या उलट प्रकारही घडतो. अवैध भाग अरुंद धरल्यामुळे जुना उकार पुसला जात नाही व नव्या शब्दाखाली लोंबत राहतो. वाचकाच्या दृष्टीने दुसऱ्या प्रकाराहून पहिला अधिक घातक. कारण लोंबणारा उकार डोळ्यांस खुपतो, नाहीसा झालेला अनुस्वार खुपत नाही.

चौथा दोष सर्वांत मराठीपणाचा आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे उदाहरण तर आपल्या वर्गांतून नेहमी दिले जाते. हा भेद दाखविणारे रकाराचे आडवे रूप युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिले जाते. एका प्रकारात नुक्तायुक्त र व हलन्त येतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक येतो. अदृश्य चिन्हे निरुपयोगी समजून गाळून टाकणारे कंट्रोल दुसऱ्या प्रकाराने लिहिलेल्या दऱ्यांचा दर्या करते. शब्दकोशाच्या दृष्टीने पाहता ही केवळ मांडणीतील त्रुटी नाही. येथे एक शब्द जाऊन दुसरा आला आहे. याच वर्गात ल आणि श यांच्या मराठी वळणाचा प्रश्न येतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमालेची रूपे निश्चित केली. टंकात मराठी वळणाची सोय असली तरी मजकूर मराठी आहे हे रेखाटणाऱ्या घटकास सांगावे लागते, आणि स्वतः घडविलेली कंट्रोले हे सांगण्याच्या भानगडीत सहसा पडत नाहीत.

या चारांखेरीज एक बाब नमूद केली पाहिजे. तयार कंट्रोलमधील मजकूर पडदा वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीस मिळतो. स्वतः रेखाटलेल्या कंट्रोलमध्ये तिच्या हाती काहीच लागत नाही. त्यासाठी वेगळी तरतूद करावी लागते. ती न केल्यास दृष्टिहीन मराठी वाचकाच्या दृष्टीने ती खिडकी कोरीच असते.

६. वर्ण की अक्षर

येथे एक तात्त्विक शंका उपस्थित होते. फेररेखाटनाचा एकक अक्षर मानावयाचा, तर खोडण्याचा एककही अक्षरच मानावा काय? विंडोजच्या तयार कंट्रोलमध्ये एक लक्षणीय विषमता आढळते. मागे खोडणारी कळ शेवटचा एकच संकेतांक काढते. पुढे खोडणारी कळ संपूर्ण अक्षर काढते. अनेकांना ही विसंगती वाटते. आमच्या मते ती योग्य आहे. लिहिणारा वर्णावर्णाने लिहितो. त्याचा हात नुकताच ज्या वर्णावर होता तोच त्यास दुरुस्त करावयाचा असतो. पुढील मजकुराकडे मात्र तो वाचक म्हणून पाहत असतो, आणि वाचकाला अक्षर दिसते. आपल्या व्याकरणपरंपरेत वर्ण आणि अक्षर यांत जो भेद मानला आहे, त्याचा हा व्यवहारातील पडताळाच होय.

हा भेद जागतिक मानकांनाही लवकर उमगला नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. मजकुराची वाचकदृष्ट्या विभागणी कशी करावी यासंबंधीच्या त्याच्या सामान्य नियमात ‘र्क’ सारखे जोडाक्षर हलन्तापाशी तुटत असे. देवनागरी व इतर काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षर अखंड मानणारा नियम त्यात २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत आला. म्हणून केवळ मानक पाळले की काम झाले, असे समजणाऱ्या कंट्रोलमध्येही कर्सर जोडाक्षराच्या मधोमध अडकत असे.

७. आक्षेप आणि उत्तर

कंट्रोले स्वतः घडवूच नयेत, असा आमचा आग्रह आहे काय? तसे नाही. तयार कंट्रोले सर्व गरजा भागवीत नाहीत. शब्दकोशाची दुस्तंभी यादी, शिलालेखाची ओळवार प्रत, उच्चारलिपीचा तक्ता यांसाठी भाषेच्या अभ्यासकालाच वेगळी कंट्रोले लागतात. शिवाय दर कळीस संपूर्ण ओळ पुन्हा रेखाटणे खर्चाचे आहे, हा आक्षेप एके काळी खरा होता. आजच्या यंत्रांवर एका ओळीचे फेररेखाटन नगण्य आहे, आणि चित्र प्रथम स्मृतीत पुरे करून मग एकदम पडद्यावर आणले असता लुकलुकही होत नाही. अक्षरजुळणीसाठी हार्फबझ व पँगो यांसारखे मुक्त घटक आणि विंडोज ७ पासून (२००९) डिरेक्टराइट उपलब्ध आहेत. अर्थात् कंट्रोलचे रूप बदलण्याची मुभा आणि लिपीचे व्याकरण पाळण्याची जबाबदारी ही दोन्ही एकत्र निभावता येतात. कडा, रंग, पार्श्वभूमी ही आज्ञावलीकाराने रेखाटावी. मजकूर मात्र अखंड ठेवून, त्याची भाषा सांगून, जाणत्या घटकाकडे सोपवावा. आणि मोजमापही त्याच घटकाकडून घ्यावे.

८. मोडीची कसोटी

या विवेचनाची खरी परीक्षा देवनागरीपुरती मर्यादित राहणार नाही. नागपूरकर भोसल्यांचा वाडा महालात आहे, आणि त्यांच्या दरबारी कारभाराची लिपी मोडी होती. मोडीचा समावेश युनिकोडमध्ये २०१४ साली सातव्या आवृत्तीत झाला. तिच्या संकेतांकांची जागा अशी आहे की विंडोजच्या सोळा अंशांच्या एककात एक मोडी वर्ण मावत नाही; त्यास दोन एकके लागतात. ‘टायपर’च्या वळणाची आज्ञावली एकेका वर्णाचे दोन रकाने करील, आणि त्या दोन्हींपैकी एकालाही स्वतःचा अर्थ असणार नाही. मोडीची अक्षरजुळणी करू शकणारा व्यापक घटक विंडोजमध्ये दहाव्या आवृत्तीबरोबर (२०१५) आला. परंतु मजकूर तुकड्यांनी देणाऱ्या कंट्रोलला त्याचा काहीच उपयोग नाही.

मोडी लिहिणारा प्रथम पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे लिही. ओळ ही त्याच्या लेखी आधीची आणि अक्षर नंतरचे. फेररेखाटनाच्या परिभाषेत बोलावयाचे तर ओळ हा त्याचा एकक होता. मोडी कागदांच्या लिप्यंतरासाठी खिडकी रचणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवली, तर त्याचे निम्मे काम सोपे होईल.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी अनेकजण पुढे कोशांच्या, लिप्यंतराच्या व पाठसंपादनाच्या संगणकीय कामांत शिरतील. तेथे एखादी खिडकी त्यांच्यापुढे येईल तेव्हा तिची पारख रंगरूपावरून न करता तिच्यात तीन शब्द उमटवून करावी : ‘पार्क’, ‘दऱ्या’ आणि ‘घरांत’. पहिल्याने जुळणी कळेल, दुसऱ्याने भाषेची ओळख, आणि तिसऱ्याने ओळीची उंची. मग त्यांतील एक वर्ण खोडावा, खिडकी लहान-मोठी करावी, आणि तेच शब्द तसेच उरतात की नाही ते पाहावे. न उरल्यास दोष आपल्या लिपीच्या गुंतागुंतीत शोधू नये. तो त्या खिडकीच्या गृहीतांत सापडेल.